भंगारात टाकण्याआधी तो वायरलेस सेट एकदा चालू करून बघा

स्पष्टच लिहितो. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

परवा आपल्याच भागातल्या एका कार्यालयाच्या भंगारात जुने वायरलेस सेट पडलेले पाहिले. मोटोरोला जीएम ३००, वरून धूळ, आतून ठणठणीत. विचारलं तर उत्तर काय? "प्रोग्रॅमिंग करणारा कोणी नाही. आणि आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत ना!"

मोबाइल आहेत ना? मग जरा मागे जाऊ. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले पट्ट्यात जमीन हलायला लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोक घरं सोडून थंडीत तंबूत झोपले. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, झाडं-खांब पडले, वीज गेली. टॉवरलाही वीज लागते, दादा. त्याची बॅटरी संपली, डिझेल पोचलं नाही, की तुमचा पन्नास हजारांचा फोन म्हणजे नुसती टॉर्च. आणि धक्का बसल्यावर सगळे एकदम फोन लावतात, तेव्हा टॉवर चालू असूनही लागत नाही.

वायरलेसला मधे टॉवर लागत नाही. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, छपरावर अँटेना, झालं. एक बोलतो, सगळे ऐकतात. डोंगर आडवा आला की पल्ला कमी होतो, हे मान्य. त्यासाठी उंचावर रिपीटर बसवतात, त्यात काही नवल नाही.

आता "प्रोग्रॅमिंग"चं. या सेटमध्ये चॅनल कॉम्प्युटरवरून भरावे लागतात. सॉफ्टवेअर डॉसवरचं, नव्या वेगवान लॅपटॉपवर अडतं. म्हणून सिरियल पोर्टवाला एक जुना कॉम्प्युटर, मधला इंटरफेस बॉक्स आणि केबल जपून ठेवायची. एकदा भरलेले चॅनल बॅटरी काढली तरी जात नाहीत. म्हणजे काम रोजचं नाही, फक्त येणारा माणूस हवा. तोच आपण तयार करत नाही. रिटायर झालेल्या मेकॅनिकबरोबर विद्याही घरी जाते.

"नवीन डिजिटल घेऊ" म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: ते येईपर्यंत धक्का थांबणार आहे का?

आणि पोरांनो, उगाच सेट उचलून वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलू नका. विनापरवाना वापर गुन्हा आहे, पोलिसांच्या किंवा बोटींच्या चॅनलमध्ये घुसलात तर कुणाच्या जिवावर बेतेल. रीतसर हॅमची परीक्षा द्या. १३६ ते १६२ मेगाहर्ट्झवाला जीएम ३०० हॅमच्या १४४-१४६ मध्ये चालतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून निरोप बाहेर काढणारे हॅमच होते.

मागणी फार मोठी नाही. डहाणू आणि तलासरी, दोन्ही तहसील कार्यालयांनी जुन्या सेटची मोजदाद करावी. चालू असलेले भंगारात देऊ नयेत. बॅटऱ्यांना नवे सेल घालावेत. परवान्यात मिळालेल्या चॅनलची यादी कागदावर लिहून भिंतीवर लावावी. आयटीआयची दोन पोरं-पोरी प्रोग्रॅमिंगला बसवावीत. आणि महिन्यातून एकदा मोबाइल बाजूला ठेवून सेटवर बोलून बघावं.

तुमच्या गावात, ग्रामपंचायतीत, बोटीवर असा सेट पडून असेल तर कमेंटमध्ये सांगा. विकू नका. आधी चालू करून बघा.