पेट्रोल पंपाची नक्कल कशाला?

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं : ‘आधी चौकाचौकात फास्ट चार्जर होऊ द्या, मग बघू.’ बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पेट्रोल पंप असतो. पण पंपावर जावं लागतं ते पेट्रोल घरी येत नाही म्हणून. वीज तर घरात केव्हाच आली आहे.

हिशेब मांडू. 15 अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून तासाला सुमारे 3 युनिट मिळतात. रात्री दहा ते सकाळी सहा, म्हणजे 24 युनिट. लहान मोटार युनिटमागे सहा-सात किलोमीटर जाते. थोडी गळती धरली तरी सव्वाशे किलोमीटरची बेगमी झोपेत होते. कोथरूडहून रोज हिंजवडी गाठणाऱ्याला आठवड्यातून दोन रात्री पुरतात.

त्याचं घोडं अडतं ते सोसायटीच्या ना-हरकत पत्रापाशी. घरच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे. तरी कमिटीत कुणीतरी विचारतंच, ‘आग लागली तर?’ प्रश्न वेडगळ नाही. म्हणूनच स्वतंत्र केबल, एमसीबी आणि नीट अर्थिंग यांचा आग्रह धरावा. नकार दिला की तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशन बोर्ड लोंबतो. आगीला आमंत्रण ते.

मग फास्ट चार्जर नकोतच? हवेत, भरपूर हवेत, पण मुख्यतः हमरस्त्यावर. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग घरच्या सॉकेटवर पार होत नाही. मात्र 2022 च्या त्या सरकारी सूचनांतलं ‘दर 25 किलोमीटरला एक स्टेशन’ हे गणितही मला पुरेसं वाटत नाही. बॅटरी 80 टक्क्यांपुढे गेली की चार्जिंगचा वेग आपोआप मंदावतो. उरलेल्या 20 टक्क्यांत मागच्याचा जीव जातो. साताऱ्याच्या वाटेवर एका हॉटेलाबाहेर दोन चार्जिंग गन होत्या. एक बंद. दुसरीला लावलेली गाडी 91 टक्क्यांवर, आणि मालक आत निवांत मिसळ खात बसलेले! सहा ठिकाणी एकेक गन लावण्यापेक्षा एका ठिकाणी सहा लावा. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी 2,000 कोटी आहेत, चारचाकींसाठी 22,100 फास्ट चार्जरचं लक्ष्य आहे. मला उभारलेल्यांपेक्षा चालू असलेल्यांचा आकडा वाचायला आवडेल.

एक आक्षेप मात्र खरा आहे : वाड्यात, चाळीत राहणाऱ्याने काय करायचं? त्याला पार्किंगच नाही. दिवसभर फिरणाऱ्या टॅक्सीवाल्याला शहरातही फास्ट चार्जर लागतो, हे मान्यच. पण चाळकऱ्याची गाडी रात्रभर रस्त्याकडेलाच उभी असते. तिथल्या विजेच्या खांबावर मीटर लावलेलं साधं सॉकेट द्या. रात्री अकराला फास्ट चार्जरच्या रांगेत उभं राहून, पाऊण तासाने गाडी काढायला पुन्हा जिने उतरावे लागले, तर तो माणूस दुसऱ्याच महिन्यात पेट्रोलकडे वळेल.