दराचा ठेका, दंडाचा नव्हे

भोपाळचे हबीबगंज हे सरकार आणि खाजगी भांडवल यांच्या भागीदारीतून नव्याने उभारलेले देशातील पहिले रेल्वेस्थानक होय. त्यासंबंधीचा करार २०१६ साली झाला आणि १५ नोव्हेंबर २०२१ रोजी 'राणी कमलापती' या नव्या नावाने स्थानकाचे उद्घाटन झाले. विमानतळाच्या तोडीची ही वास्तू पाहून प्रवासी सुखावले असतील, यात शंका नाही. परंतु या भागीदारीची भोपाळकरांना पहिली ओळख झाली ती वास्तूतून नव्हे, तर २०१७ साली वाहनतळाच्या दरांत झालेल्या जबर वाढीतून. त्यावर ओरड झाली आणि ती रास्तही होती.

मात्र दर किती असावा, हा या प्रश्नाचा एक भाग झाला. गाडी ठरल्या वेळेपेक्षा अधिक थांबली, रेषेबाहेर गेली किंवा पावती हरवली, की ठेकेदाराचा माणूस 'दंड' मागतो. न दिल्यास चाकाला जॅमर लावतो. हा अधिकार त्याला कोणी दिला? आमच्या मते खरा प्रश्न हाच आहे आणि तो भोपाळपुरता नाही. आपल्या किनारपट्टीवरील शहरांतही बाजार, इस्पितळे आणि मॉल यांचे वाहनतळ ठेक्याने दिले जात आहेत.

दर आणि दंड यांत मूलभूत फरक आहे. दर हे सेवेचे मोल होय. ते घेण्याचे काम ठेक्याने देता येते. दंड ही शिक्षा होय आणि शिक्षेला कायद्याचा आधार लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ पाहावे. निषिद्ध जागी उभे केलेले वाहन हलविण्यास अथवा त्याच्या चाकाला जॅमर लावण्यास संमती देण्याचा अधिकार तेथे गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला दिलेला आहे. रेल्वेच्या आवारात वाहनचालकाने कोणाचे वाजवी आदेश पाळले पाहिजेत, हे १९८९ चा रेल्वे कायदा सांगतो. तेथेही उल्लेख रेल्वे सेवकाचा आणि पोलिसाचा आहे. शिट्टी फुंकणाऱ्या ठेकेदाराच्या नोकराला या दोघांच्या पंक्तीला बसविता येणार नाही.

मग ठेकेदाराच्या हाती काहीच नाही काय? आहे. फलकावर लिहिलेल्या अटी मान्य करून आपण गाडी आत नेली, तर तो एक करार होतो आणि त्याच्या भंगाबद्दल तो भरपाई मागू शकतो. परंतु १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ असे सांगते की, करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात मिळेल ती वाजवी भरपाईच. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच हे तत्त्व स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणाऱ्या कराराला अनुचित करार ठरविले आहे.

इंग्लंडचा अनुभव येथे बोलका आहे. तेथे खाजगी जागेत गाड्यांना जॅमर लावण्याचा सुळसुळाट इतका झाला की, २०१२ साली कायद्यानेच त्यास बंदी करावी लागली. पुढे २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, दोन तासांची मुदत ओलांडणाऱ्या एका वाहनचालकावरील ८५ पौंडांची आकारणी वैध ठरविली; पण ती ठरविताना जागोजागी लावलेले ठळक फलक आणि जागा मोकळी राहण्याची रास्त गरज यांचा विचार केला. म्हणजे शिस्तीला ना नाही. ती आधी सांगितलेली आणि प्रमाणात असली पाहिजे.

नागरिकांनी काय करावे? प्रथम, मागणी कोणाची आहे हे पाहावे. पोलिसांचे चलन असेल तर ते दुर्लक्षून चालणार नाही; ते भरावे, अथवा रीतसर आव्हान द्यावे. मागणी ठेकेदाराची असेल तर हमरीतुमरीवर न येता दरफलकाचे छायाचित्र घ्यावे आणि ठेकेदाराचे नाव, रक्कम व कारण लिहिलेली पावती मागावी. गाडी अडवून धरल्यास पोलिसांना बोलवावे; पैसे भरणे भागच पडले तर लेखी हरकत नोंदवून भरावेत. पुढे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. एवढ्या लहान रकमेच्या तक्रारीला आयोगाकडे शुल्कही पडत नाही.

गाडी दारातच आडवी लावून निघून जाणारे महाभाग आपल्यातच आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही. आजाऱ्याला घेऊन आलेल्या माणसाची वाट त्यांच्यामुळे अडते. त्यांना शासन झालेच पाहिजे. पण ते करण्यासाठी पोलीस आहेत. रेल्वे प्रशासनाने आणि नगरपालिकांनी ठेका देतानाच जादा आकारणीची मर्यादा ठरवावी, ती मराठी-हिंदीत ठळकपणे लावावी आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्याच फलकावर लिहावे. ज्याला दंडातून नफा होतो, त्याच्याच हाती कोतवालाची काठी दिली, तर ती शिस्तीसाठी उगारली जाईल, असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही.