घरखर्चाची वही : अमानत आणि हप्ता एकाच खात्यात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. लिहिताना अजून लाज वाटते, पण या सदरात आम्ही फक्त शहाणपणच सांगत बसलो तर वाचकांना उपयोग काय?

बेटेगावच्या आमच्या बिल्डिंगमध्ये अम्मी बारा जणींची भिशी चालवतात. महिन्याला प्रत्येकीचे दोन हजार, दहा तारखेला चिठ्ठी, जिचे नाव निघेल तिला चोवीस हजार. पूर्वी सगळ्या जणी रोख आणून देत आणि अम्मी ते रुमालात बांधून कपाटात ठेवत. मग सगळ्यांच्या हातात फोन आले. अम्मींचा फोन साधा, म्हणून बायका आमच्या नंबरवर पैसे टाकू लागल्या. तो नंबर ज्या खात्याला जोडलेला होता त्याच खात्यात पगार येत होता आणि त्यातूनच घरकर्जाचा हप्ता कापला जात होता. व्याजाचे कर्ज घ्यायला नको होते हे आज कळते, पण घेतले आहे आणि फेडायचे आहे.

त्या महिन्यात एमआयडीसीतली कंपनी दहा दिवस बंद राहिली आणि पगार लांबला. खात्यात आमचे स्वतःचे 1,150 रुपये होते. पाच तारखेपर्यंत अकरा जणींचे 22,000 जमा झाले. आमचा हात पगार झाल्यावर भरायचा होता. पाच तारखेला 8,700 चा हप्ता बँकेने आपसूक कापून घेतला. मशीनला ते पैसे कुणाचे हे कसे कळणार? आठ तारखेला गॅसची टाकी आणि अब्बांची औषधे, मिळून 1,950 रुपये, आम्हीच फोनवरून भरले. शिल्लक दिसत होती म्हणून भरले. दहा तारखेला चिठ्ठी निघाली ती तिसऱ्या मजल्यावरच्या आपांची. त्यांच्या मुलीची कॉलेजची फी दुसऱ्या दिवशी भरायची होती. खात्यात 12,500 होते आणि द्यायचे होते 24,000.

मनोरचे भाईजान रात्री साडेदहाला 11,500 रुपये घेऊन आले आणि फी वेळेवर भरली गेली. पगार चौदा तारखेला झाला, त्याच दिवशी भाईजानचे पैसे परत केले. कुणाचा एक रुपया बुडाला नाही. तरी आपा जिन्यात भेटल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "भाभी, पैसे तर तुमच्याकडेच होते ना?" अम्मी दोन दिवस आमच्याशी धड बोलल्या नाहीत. त्यांच्या वीस वर्षांच्या भिशीत असे कधी झाले नव्हते. आम्ही अमानत खाल्ली होती. इरादा नव्हता हे खरे, पण खाल्ली होती.

तेव्हापासून आमच्या घरी पैशांची खाती वेगळी आहेत. आधी केले ते भिशीचेच. अम्मींचे जनधन खाते 2014 साली योजना निघाल्यावर उघडलेले होते आणि जवळजवळ रिकामे पडून होते. आता भिशीचे पैसे फक्त त्यात येतात. त्याला फोनचे अ‍ॅप जोडलेले नाही. बायका खाते क्रमांकावर पैसे पाठवतात किंवा अम्मींच्या हातात रोख देतात, आणि रोख आले की आम्ही भरणा करून येतो. या बचत खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. महिन्याला चार वेळा पैसे काढणे फुकट असते आणि भिशीला एकदाच काढायचे असतात, म्हणजे ते पुरते. नंतर त्यात आमचेही नाव घालून "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" असे करून घेतले. कारण मौत सांगून येत नाही. एकट्या नावावर खाते असते आणि महिन्याच्या मध्येच काही घडते, तर बारा जणींचे पैसे वारसाच्या कागदात अडकले असते. भिशीच्या वहीवर बारा जणींच्या सह्या आहेत आणि पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे की या खात्यातला पैसा घरातल्या कुणाचाही नाही.

मग घरखर्चाचे खाते. पगाराच्या खात्यात 26,000 येतात. हप्ता 8,700, वीज आणि सोसायटी मिळून साधारण 1,400, वर्षाच्या खर्चासाठी बाजूला 3,400. उरलेले 12,500 पगार झाला त्याच दिवशी घरखर्चाच्या खात्यात जातात. दोघांच्याही फोनमध्ये आता हेच एक खाते जोडलेले आहे. बोईसरच्या बाजारात मासळी घ्या, रिक्षाचे भाडे द्या, मुलांना वह्या घ्या, पैसे जातात ते इथूनच, आणि संपले की संपले. पहिल्या महिन्यात चोवीस तारखेलाच संपले. तेव्हा कळले की आधी हे सहा-सात दिवस कुणाच्या पैशावर निघत होते.

सगळ्यात जास्त डोके खाल्ले ते वर्षाच्या खर्चाने. नोकरदार माणसाचा बोनस दिवाळीला येतो, शाळा जूनमध्ये उघडते, दोन्ही दरवर्षी साधारण त्याच सुमारास. आपले रमजान, ईद आणि बकरी ईद चंद्रावर चालतात आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. त्यामुळे "ईदचे बोनसमधून बघू" हा हिशेब एखाद्या वर्षी जमतो, पुढच्या चार वर्षांत बिघडतो. 2026 साली बकरी ईद मे महिन्याच्या अखेरीस आणि पाठोपाठ पंधरा-वीस दिवसांत शाळा. कुर्बानी, गणवेश, फी, सगळे एकाच पगारावर. पुढे 2030 मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होणार आहे, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा. आम्ही वर्षाचा खर्च कागदावर मांडला : रमजान आणि ईद 14,000, कुर्बानी 16,000, शाळा 21,000, लग्नातले आहेर आणि गावी जाणे-येणे 9,000. बेरीज साठ हजार. बोनसचे वीस हजार थेट याच खात्यात टाकायचे ठरवले. उरले चाळीस, त्याला बारांनी भागले आणि 3,400 हा आकडा निघाला. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ही रक्कम आपोआप वळती व्हावी अशी कायमची सूचना बँकेला देऊन ठेवली आहे. हाताने टाकू म्हटले की टाकले जात नाही, हा आमचा तीन महिन्यांचा अनुभव.

या खात्यावरही आम्ही एकदा हात मारलाच. मिक्सर बिघडला होता. तो वर्षाचा खर्च आहे असे आम्ही एकमेकांना पटवून दिले.

शिवणकामातून महिन्याला चार-पाच हजार येतात, ते वेगळ्या खात्यात. ही कमाई बाईची स्वतःची, आणि तिच्यावर घर चालवण्याची जबाबदारी शरीयतने टाकलेली नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. व्यवहारात मात्र तो पैसा डाळ-तांदळात कुठे विरघळला ते कुणालाच सांगता येत नाही. आमचा भिशीचा हात आता याच खात्यातून भरतो. मेहरची रक्कमही, लग्नानंतर चौदा वर्षांनी का होईना, थोडी थोडी करून इथेच जमा होते आहे.

जकातीबद्दल एक गैरसमज दोन घरांतून ऐकला म्हणून लिहितो. खाती वेगळी झाली म्हणून एका माणसाची जकात वेगवेगळी मोजायची नसते. एका नावाची सगळी शिल्लक, सोने, चांदी एकत्र धरून निसाब बघायचा. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे 612.36 ग्रॅम. शिवणकामाचे खाते बाईच्या हिशेबात, पगाराचे नवऱ्याच्या. अम्मींच्या नावावरचे भिशीचे पैसे मात्र त्यांचे नाहीतच, म्हणून आम्ही ते त्यांच्या हिशेबात धरत नाही. आमचा हिशेब आम्ही मौलानांना दाखवून घेतला, तुम्हीही दाखवा. बचत खात्यावर दर तिमाहीला जे थोडे व्याज पडते, ते आता चार ठिकाणी पडते. आम्ही पासबुक भरून आणले की त्याची बेरीज करतो आणि सवाबच्या नियतीशिवाय गरजूला देऊन टाकतो. बहुतेक उलमा हेच सांगतात. चालू खात्यावर व्याज नसते खरे, पण त्यात शिल्लक ठेवावी लागते ती आपल्यासारख्यांना झेपत नाही.

आता जिथे ठेच लागते ते सांगतो. आमच्या शेजारच्या एका भाभींनी ही व्यवस्था बघून नवे खाते उघडले आणि अर्जावर आधार जोडण्याच्या चौकटीत खूण केली. त्यांचे लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये जुन्या खात्यात येईनासे झाले. दोन महिने त्या कार्यालयाचे खेटे घालत होत्या. नाव कापले म्हणून रडल्याही. पैसे नव्या खात्यात पडून होते. सरकारी मदत खाते क्रमांकावर नव्हे, आधार शेवटी ज्या बँकेशी जोडला तिथे जाते, आणि एका आधारला अशी एकच बँक असते. म्हणून दुसरे खाते उघडताना केवायसीसाठी आधार द्या, पण मदत कुठे यावी ही खूण विचार करूनच करा. बचत खात्याला किमान शिल्लक लागते का हेही आधी विचारा. स्टेट बँकेने ती अट मार्च 2020 मध्ये काढून टाकली, सगळ्यांनी काढलेली नाही. दोन वर्षे हात न लावलेले खाते निष्क्रिय होते, तेव्हा उघडून विसरायचे असेल तर उघडूच नका.

सगळी खाती एकाच बँकेत ठेवावीत का? सोयीचे वाटते. पण सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. मुंबईतली किती घरे त्या आठवड्यात अडकली. ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पण तो एका बँकेतल्या एका नावाच्या सगळ्या खात्यांना मिळून. आमच्याकडे पाच लाख नाहीत, तरी घरखर्चाचे खाते आम्ही मुद्दाम दुसऱ्या बँकेत ठेवले आहे. एकीचे यंत्र बंद पडले तरी चूल पेटली पाहिजे.

अम्मींना हे सगळे नवीन वाटत नाही. त्यांच्या पेटीत डबे होते : एक किराण्याचा, एक दवाखान्याचा, एक हजचा. मलेशियातही तसेच होते. व्याज नको म्हणून लोक हजचे पैसे घरात लपवत, नाहीतर जमीन-जनावरे विकून जात आणि परत आल्यावर हातात काही उरत नसे. उंकू अझीझ नावाच्या अर्थतज्ज्ञांनी 1959 मध्ये सरकारपुढे योजना मांडली आणि 1963 पासून तिथे फक्त हजसाठी बिनव्याजी बचतीची संस्था सुरू झाली. तिलाच आज ताबुंग हाजी म्हणतात. आपल्याकडे तसे काही नाही. म्हणून अम्मींच्या हजच्या डब्यातले 31,000 आम्ही मोजले आणि त्यांच्या नावे निराळे खाते उघडून त्यात भरले. पासबुक त्यांनी उशीखाली ठेवले आहे. डब्यात मात्र पाचशेची एक नोट ठेवून घेतली. म्हणाल्या, "डबा रिकामा बरा दिसत नाही."