वहीतला तास



गोदीत माझ्या तासाला भाव आहे. तो मी ठरवलेला नाही. मुकादम हजेरी मांडतो, कंत्राटदार त्यातून आपलं कापतो, उरेल ते माझं. क्रेनवाल्याच्या तासाला एक भाव, टॅली क्लार्कच्या तासाला दुसरा, आणि स्टीलच्या कॉइलखाली लाकडाचे ठोकळे सरकवणाऱ्या माझ्या तासाला सगळ्यात कमी. कॉइल घसरली तर मरायचं मात्र मीच. बारा तास राबून घरी आलो की गल्लीत कुणीतरी उभं असतंच – भाऊ, जरा रेशनचा अर्ज भरून दे. हा तास कुणी मांडत नाही. आणि आई शेजारणीचं पोर दिवसभर सांभाळते, तिचा तर कधीच कुणी मांडला नाही.

मग मी टाइम बँकेबद्दल वाचलं. इंग्रजीतच सापडलं. मी मॅट्रिक, डिक्शनरी मांडीवर घेऊन चार रात्री घालवल्या. गोष्ट साधी आहे. तुम्ही शेजाऱ्यासाठी एक तास काम केलंत, तुमच्या नावावर एक तास जमा. तो तास तुम्ही कुणाकडूनही कामाच्या रूपाने काढून घ्यायचा. पैसा नाही, व्याज नाही. आणि मुद्द्याची गोष्ट ही, की वकिलाचा तास आणि झाडूवालीचा तास वहीत एकाच मापाचा. एक म्हणजे एक.

हे वाचून मी रात्री उठून बसलो. ज्या देशात माणसाच्या सावलीचंही माप जातीने काढलं, तिथल्या पोराला हे वाचून झोप लागेल?

हे काढलं कुणी? जपानात ओसाकाला तेरुको मिझुशिमा नावाची एक बाई होती. युद्धाच्या काळात खायला मिळेना तेव्हा ती कपडे शिवून द्यायची आणि बदल्यात भाजी घ्यायची. तिथून तिच्या डोक्यात हिशेब सुरू झाला – बायकांच्या कामाला पैशाच्या बाजारात किंमत नाही, पण वेळ तर सगळ्यांकडे सारखाच. १९७३ साली तिने कामाची बँक काढली. सभासद बहुतेक घरात राबणाऱ्या बायका. तरुणपणी दुसऱ्याचं म्हातारपण सांभाळायचं, आपल्या म्हातारपणी ते तास काढायचे. ना कुठली क्रांतीची घोषणा, ना झेंडा. आपल्याकडचे बोलके क्रांतिकारक, मी धरून, अशा बाईला हिशेबातच घेत नाहीत.

अमेरिकेतला माणूस एडगर कान. गोरा, ज्यू, वकील. बायको जीन कॅम्पर कान, काळी, तीही वकील. दोघांनी १९५७ साली लग्न केलं. तेव्हा अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत असं लग्न गुन्हा होता. तो कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने मोडला १९६७ साली. या दोघांनी गरिबांना सरकारी खर्चाने वकील मिळावा म्हणून रान उठवलं आणि १९७२ साली वॉशिंग्टनमध्ये त्याच कामासाठी वकील घडवणारं लॉ कॉलेज काढलं. १९८० साली कानला हार्ट अटॅक आला. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याला कळलं, की आता लोक आपली सेवा करणार आणि आपला कुणाला काही उपयोग नाही. आयुष्यभर दुसऱ्याला मदत करणाऱ्याला पहिल्यांदा समजलं, की नुसती मदत घेत पडून राहणं ही काय लाचारी असते. त्यातून टाइम डॉलर निघाला. २००० साली त्याने पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा – फेकून द्यायची माणसं आता नकोत. २०२२ साली तो गेला.

वॉशिंग्टनमध्ये १९९६ साली त्याने पोरांचं कोर्ट चालू केलं. पहिल्यांदा छोट्या गुन्ह्यात सापडलेल्या पोराचा निकाल त्याच्याच वयाची पोरं ज्युरी म्हणून देणार. ज्युरीत बसलेल्या पोराच्या नावावर तास जमा, त्या तासांवर दुरुस्त केलेला जुना कॉम्प्युटर. आणि आरोपी पोराला दिलेल्या शिक्षेतच पुढे ज्युरीत बसणं आलं. काल पोलिसाच्या गाडीत होता, उद्या न्यायाच्या खुर्चीत. लंडनमध्ये कॅटफर्ड भागातल्या एका दवाखान्यातही १९९९ पासून टाइम बँक चालू झाली – एकटेपणाने खचलेल्या पेशंटला डॉक्टरने गोळीबरोबर शेजारही दिला.

आता कुणी म्हणेल, यात नवीन काय, आमच्या खेड्यात हेच होतं, सुतार नांगर करी, न्हावी दाढी करी, पैशाशिवाय गाव चाले. असं बोलणारा गडी कुठल्या आळीतून बोलतोय ते आधी बघा. बलुतं म्हणजे शेजारधर्म नव्हता. माझा पणजा मेलेलं ढोर ओढायचा, पाटलाचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री चार कोस पळायचा, मयताची खबर परगावी पोचवायचा, लाकडं फोडायचा. त्याचे तास कुणी मोजले? सुगीत पेंढ्या, दारोदार शिळी भाकर. काम त्याने निवडलं नाही, मोबदला त्याने ठरवला नाही, नाही म्हणायची सोय नाही, आणि बदल्यात तो बामणाकडून एक तास शिकवणी काढून घेऊ शकत नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाच्या दुरुस्तीचं बिल मांडलं ते काय उगाच? खालची गावकामगार वतनं नष्ट करणारा कायदा आला तो १९५८ चा, बाबासाहेब गेल्यावर. म्हणजे आपल्याला तासांची देवाणघेवाण शिकवायची गरज नाही. आपल्याला पाहिजे आहे ती निवड. नाही म्हणायची मुभा, आणि कुणाकडूनही काहीही मागायची मुभा. टाइम बँक आणि बलुतं यांत फरक एवढाच, आणि तो जमीन-अस्मानाचा.

हे मी गेल्या वर्षी वस्तीत सभा घेऊन सांगितलं. टाळ्या पडल्या. शंभर पानी वही आणली, रकाने पाडले – कुणी, कुणासाठी, काय, किती. पहिल्या पानावर जो तो आपल्याला काय येतं ते लिहून गेला. इलेक्ट्रिकचं काम, शिलाई, दहावीचं गणित, पेशंटबरोबर रात्री दवाखान्यात झोपणं, अर्ज लिहिणं. मी ‘कविता’ असंही लिहिलं. आजतागायत माझ्या कवितेचा अर्धा तासही कुणी मागितलेला नाही. अर्जांचे एकेचाळीस झाले.

पहिले तीन महिने मजेत गेले. रिक्षावाल्या मामांनी एका आजीला डायलिसिसला नेलं, त्या आजीने दुसऱ्या घरच्या लेंड्या पोरांना गोष्टी सांगितल्या, ते तास जमा. जन्मभर दुसऱ्याकडे हात पसरणारी ती म्हातारी एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाली, बघ रे, माझं किती झालं? बँकेचं पासबुक भरून घ्यावं तशी ऐटीत.

आता ज्यासाठी हे संपादकीय लिहितोय तिथे येतो. लिहिताना हात जड होतोय, पण दुसऱ्याच्या घरातली घाण दाखवणाऱ्यांनी स्वतःचं दार बंद ठेवू नये.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहतात. मेहतर समाजाच्या. घरात गुजराती बोलतात, बाहेर आपल्यासारखीच मराठी. कंत्राटावर सफाईचं काम. पहिल्या पानावर त्यांच्या नावापुढे त्यांनी लिहायला सांगितलं होतं – स्वयंपाक. पन्नास माणसांचा असला तरी चालेल, असं हसून म्हणाल्या होत्या. आमची बाकीची वस्ती बहुतेक बौद्ध. घराघरात बाबासाहेबांची तसबीर, बुद्धाची मूर्ती.

सहा महिन्यांनी मी वही मोजायला बसलो. मावशींच्या नावावर जमा तेवीस तास. काम – गटार, गटार, तुंबलेली मोरी, संडासची टाकी, गटार. स्वयंपाक शून्य. म्हणजे आम्ही टाइम बँक काढली आणि तिच्यात बलुतं भरलं. एक तास म्हणजे एक तास, हे माप बरोबर होतं. पण कुणाला कुठल्या तासासाठी हाक मारायची, ते अजून जातच ठरवत होती. बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय, की जात कामाची वाटणी करून थांबत नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी करते. ते पुस्तक माझं अर्धं पाठ आहे. वही माझ्याच अक्षरात आहे.

आणखी एक. गटार उपसणं हे महापालिकेचं काम, पगार देऊन, यंत्राने करायचं. २०१३ चा कायदा आहे, माणसाला मैल्यात उतरवणं गुन्हा. आणि आम्ही ते काम मावशींकडून तासांवर करून घेतलं. वॉर्ड ऑफिसला चकरा माराव्या लागल्या असत्या, त्या वाचल्या. हा टाइम बँकेतला खरा धोका आहे, पोरांनो. जे काम सरकारने मजुरी देऊन करायचं ते शेजारधर्माच्या नावाने फुकट होऊ लागलं, की साहेब लोक टाळ्या वाजवतील, सत्कारही करतील. वेठबिगारीला ‘सेवा’ म्हणायची सवय या देशाला जुनी आहे.

मग बाळंतिणीची गोष्ट. तिसऱ्या खोलीतली पोरगी बाळंत झाली, नवरा दुबईला, सासू नाही. बारा दिवस दोन वेळचं जेवण पाहिजे होतं. मावशी रिकाम्या होत्या, काम सुटलेलं. मी म्हटलं, मावशींना सांगतो. माझी आई म्हणाली, “नको. बाळंतिणीला तिच्या हातचं कसं द्यायचं? मी करते.” आईने बारा दिवस केलं, चोवीस तास जमा झाले, मी लिहिले. दर चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून चैत्यभूमीला जाणारी माझी आई. गावच्या विहिरीवर तिच्या आईला दगड मारले होते ते सांगताना अजून रडते ती. मी काही बोललो नाही. का बोललो नाही याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते चांगलं नाही – दमून आलो होतो, आईशी भांडण नको होतं. हीच कारणं तिकडचे सवर्ण मित्र देतात तेव्हा मी त्यांना सोडत नाही.

वही मोजली त्या संध्याकाळी मावशींकडे गेलो.

“किती जमा म्हणतोस?”

“तेवीस.”

“आणि खर्च?”

“शून्य. तुम्ही काही मागितलंच नाही, मावशी.”

“मागू कुणाकडे? अर्ज लिहून देतोस तू, तो गटार न काढताही देशील. बाकीच्यांनी मला कधी विचारलं, काय पाहिजे? तेवीस तास गेले कुठं मग?”

माझ्याकडे जबाब नव्हता. पुढच्या सभेत मी सगळा हिशेब वाचून दाखवला, आईच्या चोवीस तासांसकट. दोघंजण उठून गेले. एकजण म्हणाला, आपल्यातलं आपल्यात ठेव, दुश्मनाच्या हातात कोलीत देऊ नको. म्हणून छापतोय. त्या सभेत ठरलं ते असं, की गटार, मोरी, टाकी वहीत येणार नाही, कुणाच्याही नावाने नाही. वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार दिली, पावती वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवली आहे. दोनदा मोर्चासारखे जाऊन आलो. गाडी एकदा आली.

मावशी सभेत बोलल्या नाहीत. शेवटी मात्र जागेवरूनच म्हणाल्या, “मला चार तास काढायचेत. येत्या रविवारी नातीचा वाढदिवस आहे. याच्या आईने माझ्या घरी यावं, माझ्या चुलीवर, माझ्या भांड्यात पोळ्या कराव्यात. भाजी मी करीन. मग सगळ्यांनी बसून जेवायचं, वहीतल्या सगळ्यांनी.”

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. आई खाली बघत होती.

हे लिहितोय तो गुरुवार आहे. आई दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. आज पाळीवरून आलो तेव्हा ती डबे उघडून बघत होती, आणि पाठमोरीच म्हणाली, त्यांच्याकडे परात केवढी असेल, माणसं किती होतील? मी म्हटलं, तीस-पस्तीस. ती परत गप्प झाली. हो म्हणालेली नाही. मी वहीत रविवारची ओळ लिहून ठेवली आहे – मावशींसाठी, पोळ्या. ‘कुणी’ हा रकाना कोरा आहे.