पाच घरांचे पाचशे स्विच

मैत्रिणींनो, वर्षाचा गहू कळमन्याच्या बाजारातून चार घरांनी मिळून आणायचा, ही रीत आपल्या नागपूरकडे बहुतेकींना ठाऊक आहे. या खेपेस मात्र आमच्या जरीपटक्यातल्या पाच जणींनी मिळून काय मागवले, तर संगणकाच्या की-बोर्डचे स्विच!

हसू नका. आमच्यातल्या चौघी घरी टायपिंगची कामे घेतात आणि समोरच्या वहिनी लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी तयारी करताहेत. तिथे मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द दर मिनिटाचे प्रमाणपत्र लागते. मेकॅनिकल की-बोर्डात प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा वेगळा स्विच असतो. इन्स्क्रिप्ट पद्धतीत ‘डी’च्या बटणावर हलन्त येतो, तेवढा एक स्विच रुसला की जोडाक्षरच जमत नाही. सुटे दहा-वीस मागवावेत, तर पाठवणावळच मालापेक्षा जड. म्हणून एकत्र.

पहिला वाद रंगाचा. चेरी या जर्मन कंपनीने पाडलेल्या रिवाजाप्रमाणे निळा स्विच टकटक वाजतो, तपकिरी दाबताना बोटाला हलका अडथळा कळतो, तांबडा सरळ खाली जातो. चेरीच्या तांबड्याला साधारण ४५ ग्रॅम जोर लागतो, निळ्याला ६०. दोघींना निळाच हवा होता. पण मुले निजल्यावर रात्री अकराला काम करणारीच्या घरात निळा? छे! सगळ्यांनी तपकिरी ठरवला.

हिशेब मी वहीत मांडला. तिघींचे की-बोर्ड १०४ बटणांचे, दोघींचे ८७ चे, मिळून ४८६. वर १४ जास्तीचे, कारण बसवताना एखाद्याची तार वाकतेच. पाठवणावळ घरटी सारखी नाही, नगावर वाटली. शेजारच्या सिंधी भाभींनी हे सुचवले आणि तिथेच कुरबूर मिटली. पैसे सगळ्यांचे हाती आल्यावरच मागणी नोंदवली.

इतके सगळे केले, आणि नको तिथे चुकले. वाटपाच्या दिवशी वहिनींनी आपल्या की-बोर्डचे एक बटण उचकटले, तर खाली स्विचच नाही, रबराची टोपी! साधा रबरी की-बोर्ड होता तो. पैसे घेताना एक बटण काढून दाखवा, एवढे मी विचारले नव्हते. २२ रुपयांप्रमाणे १०४ नग, म्हणजे २२८८ रुपये, पाठवणावळ निराळी. घरखर्चातून वाचवलेले. वहिनी म्हणाल्या, “असू द्या ताई, तुम्ही काय करणार?” त्याने मला जास्तच लागले.

तेव्हा पैसे गोळा करण्याआधी प्रत्येकीला एक बटण उचलायला लावा. खाली रबर दिसले तर तिला यात घेऊच नका. स्विच दिसला, तर तो चिमट्याने वर ओढून निघतो की डाखलेला आहे, ते पाहा. डाखलेला असेल तर सोल्डरिंग येणारा माणूस आणि त्याची मजुरी आधी धरा. स्विचच्या बुडाशी धातूच्या दोन तारा आणि मधला प्लास्टिकचा खुंट असतो. काहींना शेजारी प्लास्टिकचे आणखी दोन बारीक पाय असतात. तुमच्या पाटीत त्यांना भोके नसतील तर नेलकटरने ते पाय छाटावेत, चालते. धातूच्या तारांना मात्र हात लावू नका. त्या सरळ आहेत ना, हे बसवण्याआधी उजेडात धरून बघा. वाकलेली तार रेटली तर चिमटून बसते आणि बटण मुके राहते. आमच्याकडे अशा तीन निघाल्या, भाभींनी भुवयांच्या चिमट्याने सरळ केल्या.

वहिनींचे पैसे मी माझ्या भिशीतून परत केले. घ्यायला तयार नव्हत्या, त्यांच्या सासूबाईंच्या हाती ठेवून आले. नवे स्विच बसवलेला माझा की-बोर्डही परीक्षेपर्यंत त्यांच्याकडेच आहे. मी त्यांच्या रबरी पाटीवर हे लिहिते आहे. १०४ तपकिरी स्विच बिस्किटांच्या डब्यात पडून आहेत. पुढच्या खरेदीत आधी ते खपवायचे, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.