धक्का कुठे गेला?

आपल्या माणसाविरुद्ध तक्रार करायची वेळ आली की लेखणी जड होते. ‘दे धक्का २’बद्दल लिहिताना माझी अवस्था काहीशी तशीच झाली आहे. ५ ऑगस्ट २०२२ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि आमच्या घरातून आजीसकट सहा माणसे तो पाहायला गेली. थिएटरात येऊन किती वर्षे झाली, हे आजीलाही आठवत नव्हते. मध्यंतरात कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. परतताना काकांनी पावसाचा विषय काढला आणि पंचगंगेचे पाणी कुठवर चढले यावर घरापर्यंत चर्चा झाली. चित्रपट आवडला असता, तर त्या वाटेवर पंचगंगेचा विषय निघालाच नसता!

पहिला ‘दे धक्का’ २००८ सालचा. अतुल काळे आणि सुदेश मांजरेकर यांनी दिग्दर्शित केलेला. तो थिएटरात पाहण्याचे माझे वय नव्हते. माझ्या पिढीला तो टीव्हीने दिला. सुट्टीच्या दुपारी तो लागला की आम्ही भावंडे ताटे घेऊन टीव्हीसमोर बसत असू. पुढचे वाक्य कोण आधी म्हणतो, याची पैज लागे. कोल्हापूरचा मकरंद जाधव हा धडपड्या माणूस. गाडीचे इंधन वाचवणारा शोध त्याने लावला आहे, पण त्याच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नाही. घरात बायको सुमती, वडील सूर्यभान, मेहुणा धनाजी, मुलगा किसना आणि धाकटी सायली. सायलीला मुंबईच्या नृत्यस्पर्धेत भाग घ्यायचा आहे, आणि खिशात पैसा नसताना हे सारे कुटुंब एका खटारा गाडीतून मुंबईला निघते. गाडी सरळ चालू होत नाही. खाली उतरायचे, सगळ्यांनी मिळून ढकलायचे आणि धावत जाऊन चढायचे!

या कथेचे बीज ‘लिटल मिस सनशाईन’ या २००६ सालच्या अमेरिकन चित्रपटात आहे, हे मला कॉलेजात आल्यावर समजले. क्षणभर वाईट वाटले. पण विचार केल्यावर उलट कौतुकच वाटले. बीज परके असले तरी पीक आमच्या मातीत आले होते. शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉपच्या दारात मळक्या कपड्यांत उभा असलेला कारागीर आपण रोज पाहतो. त्याच्या डोक्यातही असा एखादा शोध असतोच. पोराने तालमीत जावे म्हणून दुधाचा खर्च पोटाला चिमटा काढून करणारे घरही आपल्याला नवे नाही. म्हणून जाधवांचे घर आम्हाला शेजारचे वाटले.

आता दुसरा भाग घ्या. महेश मांजरेकर आणि सुदेश मांजरेकर यांचे दिग्दर्शन. मकरंद अनासपुरे, शिवाजी साटम, सिद्धार्थ जाधव, मेधा मांजरेकर, सक्षम कुळकर्णी ही आवडती मंडळी परत आली. सायलीच्या भूमिकेत मात्र गौरी वैद्यच्या जागी गौरी इंगवले आहे. चौदा वर्षांत जाधव कुटुंब सुखवस्तू झाले आहे आणि या वेळचा प्रवास आहे थेट लंडनचा. नटांच्या कामात कसूर आहे, असे मी म्हणणार नाही. विनोदही जागोजागी पेरले आहेत. मग बिनसले कुठे?

माझ्या मते, या माणसांना आता कशाचीच नड राहिली नाही, इथे बिनसले. पहिल्या भागात घरातली भांडणे थोडी नव्हती. प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला होते. पण गाडी बंद पडली की रुसलेल्यालाही खाली उतरावे लागे, कारण एक हात कमी पडला तर गाडी हलणार नव्हती. ते घर एकत्र आले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे, त्या ढकलण्याने. चित्रपटाचे नावही तेच सांगत होते. दुसऱ्या भागात नाव तेच राहिले, पण ढकलण्याची गरज संपली. पहिल्याने परक्या देशातली गोष्ट आणून कोल्हापूरची केली होती. दुसऱ्याने कोल्हापूरचे घर उचलून परक्या देशात नेले आणि तेच आम्हाला परके वाटू लागले.

ही एकट्या ‘दे धक्का’ची कहाणी नाही. १९९३ सालच्या ‘झपाटलेला’चा दुसरा भाग २०१३ मध्ये आला. त्यात त्रिमितीचे नवे तंत्र होते, रामदास पाध्ये यांचा तात्या विंचूही होता. पण बाहुल्याला भिऊन आपल्याला पोट धरून हसवणारे लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले होते. त्यांची जागा कोणते तंत्र भरून काढणार? २००४ सालचा ‘नवरा माझा नवसाचा’ एस. टी.च्या गाडीत घडला. २०२४ साली त्याचा दुसरा भाग रेल्वेत बसला. वाहन बदलले की प्रवास नवा होतो, अशी काही समजूत दिसते.

माझा एक मित्र म्हणतो, “चित्रपट तोच आहे, तू मोठी झालीस. लहानपणी चिंचाही गोड लागतात.” या आक्षेपात तथ्य असेल म्हणून मी पहिला भाग पुन्हा पाहिला, या वेळी एकटीने आणि दोष शोधण्याच्या इराद्याने. दोष सापडलेही. काही ठिकाणी आरडाओरडा जास्त आहे, काही योगायोग ओढून आणले आहेत. पण गाडी ढकलण्याचा प्रसंग आला आणि मी खुर्चीत पुढे सरकून बसले. तेव्हा दोष सगळा माझ्या वयाचा नव्हे.

उशिरा येणारा दुसरा भाग फसलाच पाहिजे, असाही नियम नाही. सत्यजित राय यांचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’ १९६९ सालचा. बंगालच्या मुलांचा तो लाडका चित्रपट. अकरा वर्षांनी, १९८० साली, त्यांनी ‘हीरक राजार देशे’ काढला. गुपी आणि बाघा तोवर राजाचे जावई होऊन सुखात लोळत आहेत. परंतु राय यांनी त्या सुखाचाच त्यांना कंटाळा आणला आणि त्यांना अशा राज्यात पाठवले जिथे राजाने शाळा बंद केली आहे आणि प्रजेची डोकी धुऊन काढणारे यंत्र बसवले आहे. मुले हसतात, मोठी माणसे विचारात पडतात. म्हणजे श्रीमंती आली म्हणून गोष्ट संपत नाही. त्या श्रीमंतीने माणसांचे काय केले, हे विचारायचे धाडस लागते. जाधवांच्या घरी पैसा आल्यावर एकमेकांना लागणाऱ्या हातांचे काय झाले? हा प्रश्न ‘दे धक्का २’च्या दाराशी येऊन उभा होता. त्याला आत घेतले असते, तर लंडनचीही अडचण झाली नसती.

जुन्या कथेकडे परतणे आपल्या गावालाही नवे नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला आणि १९३६ साली त्याच कथेचा बोलपट केला. सिनेमाला वाचा फुटली होती. परतण्यास तेवढे कारण पुरेसे होते. तरीही इतिहासात आधी नाव निघते ते मूकपटाचेच. खुद्द बाबूरावांनाही पहिला ठसा पुसता आला नाही, तिथे इतरांनी अधिकच जपून पाऊल टाकायला हवे.

आणि थोडा दोष आपला प्रेक्षकांचाही आहे. जुना चेहरा पडद्यावर दिसला की आपण शिट्ट्या मारतो, जुने वाक्य ऐकले की टाळ्या देतो. निर्मात्याला वाटते, यांना एवढेच हवे आहे. आमच्या सहा तिकिटांनीही त्याला हेच सांगितले असणार. पुढचा दुसरा भाग निघेल तेव्हा आपण ओळखीचे चेहरे मागण्याऐवजी ओळखीची नड मागावी. ती कोल्हापुरात अजून भरपूर शिल्लक आहे.

परवा राजारामपुरीत भर पावसात एक टेम्पो बंद पडला होता. ड्रायव्हरने नुसते इकडेतिकडे पाहिले, तोच पानपट्टीवरचे दोघे आणि भाजी घेऊन चाललेले एक गृहस्थ पुढे झाले. पिशवी टेम्पोत ठेवून त्यांनी खांदा लावला. टेम्पो चालू झाला, तेव्हा पिशवी घेऊनच निघाला आणि गृहस्थ हाका मारीत मागे धावले. बघणारे सगळे हसले, गृहस्थही हसले. ‘दे धक्का’ तिथेच होता. लंडनला जायची गरज नव्हती.