विश्वरूप कोठे भेटते?

१९६७ साली जिमी हेंड्रिक्सच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गीतेतील विश्वरूप अवतरले. त्यात मुखे मात्र रॉक वादकांची! १९९७ मध्ये ‘एरोस्मिथ’ने भागवतातील कालियामर्दन करणाऱ्या श्रीकृष्णाला मांजराचे मस्तक चिकटविले. हिंदूंनी निषेध केला, वेष्टन बदलावे लागले. योग्यच झाले!

परंतु तेवढ्याने आपले कर्तव्य संपते काय? शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वर माउलींनी तेच विश्वरूप अकराव्या अध्यायात मराठीत उभे केले. आज अहिल्यानगर जिल्ह्यातील किती घरांत तो अध्याय मुलांच्या कानी पडतो? ग्रंथ देव्हाऱ्यात वस्त्रात गुंडाळलेला. मग मुलांना विश्वरूप भेटणार ते रॉकच्या वेष्टनावरच. परक्यांनी देव विद्रूप केला. आपण तो अपरिचित केला. या दुसऱ्या अपराधाचा निषेध कोणी करायचा?